पाव आटा ढिला

चिमट्यातून स्प्रिंग सुटली, गल्ली ओलांडून उडाली आणि समोर बाकावर बसलेल्या माणसाच्या कॉफीत पडली. टुप्... एवढाच आवाज.

तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी, सोनेरी मुलाम्याची स्प्रिंग. टॉर्चच्या शेपटीत बसते आणि बॅटरीला खालून रेटून धरते. तसली माझ्याकडे शेवटचीच उरली होती, त्यामुळे लाज बाजूला ठेवून मी उठले. तोवर त्या माणसाने चमच्याने ती बाहेर काढून तळहातावर घेतली होती आणि चष्मा कपाळावर सरकवून तो तिला निरखत होता.

"सित्त," अनोळखी बाईला आदराने म्हणतात तसं, माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "कॉफी बिनसाखरेची सांगितली होती. बिनस्प्रिंगची सांगायचं राहून गेलं. चूक माझीच."

"द्या इकडे. आणि ती कॉफी पिऊ नका, स्प्रिंगला सोल्डरचं औषध लागलंय."

"अर्धी प्यायलो की."

"मग आता डोक्यात उजेड पडेल."

आता त्याने वर पाहिलं. हसला नाही. पण हसू आवरायला जे जे करावं लागतं ते सगळं त्याच्या मिशीने केलं.

शेजारच्या साबणवाल्या उम्म ज़ाहेरने हे पाहिलं होतंच. लेबनॉनमधल्या आमच्या त्रिपोलीच्या तांबटआळीत काही घडलं की उम्म ज़ाहेर ते पाहते. नाही घडलं तर जास्तच पाहते.

"हा नासीफ गं," तिने साबणाच्या वड्या रचता रचता मला सांगितलं, तो समोर बसलेला असताना. "मागच्या सराईत लेथ टाकलाय त्याने. चौदा वर्षं सिडनीत होता, हाडांत घालायचे स्क्रू कातायचा. भाऊ अजून तिकडेच आहे. बायको होती, तीही तिकडेच आहे... दुसऱ्याची बायको म्हणून."

"मावशी," नासीफ म्हणाला, "बुटाचा नंबर राहिला."

"बेचाळीस," उम्म ज़ाहेर म्हणाली.

मी स्प्रिंग घेऊन परत जागेवर आले. ती दोनदा उलटी बसवली. कॉफीमुळे असेल म्हटलं. पण कॉफी तर त्याने प्यायली होती.

*

माझं दुकान जिन्याखाली. पूर्वी मी बटणं आणि लेस विकायचे. मग वीज जायला लागली... म्हणजे यायची थांबली, आणि लोकांना बटणांपेक्षा टॉर्चची गरज जास्त पडू लागली. शिकवायला कोणी नव्हतं. जगभरात काही वेडी माणसं आहेत. ती आपापले अंगठ्याएवढे टॉर्च नाण्याशेजारी उभे करून फोटो काढतात आणि तांबं बरं की टायटॅनियम, यावरून इंटरनेटवर एकमेकांशी भाऊबंदांसारखी भांडतात. त्यांची भांडणं वाचत वाचत मी शिकले. पुढे त्यांच्यातलीच एक झाले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी करायचे काय, तर बाजारी टॉर्चचं डोकं उघडायचं, आतला दाणा — उजेड देणारा तो एवढासा पिवळा चौकोन — काढायचा आणि त्या जागी उबदार उजेडाचा बसवायचा. कॉफीच्या शेगडीवर अंड्याची कढई, कढईत दाणा बसवायची धातूची पट्टी, पट्टीवर दाणा. खालचं कथील वितळलं की दाणा आपणहून जरासा सरकतो आणि बरोबर मधोमध जाऊन बसतो. त्याला ढकलायचं नसतं. श्वास रोखून नुसतं बघायचं.

हा खटाटोप कशासाठी, तर निळ्या उजेडाच्या रागाने. घराघरांत बॅटरीवरचे ते पांढरे-निळे दिवे आले आणि आमची माणसं आजारी दिसायला लागली. टोमॅटो जांभळा, पाव राखाडी, आणि आरशातली मी... दोन वर्षं मी त्या उजेडात स्वतःचा चेहरा पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवला. झालं आपलं, म्हटलं. एकोणचाळिसाव्या वर्षी.

चौथ्या दिवशी नासीफ आला. खिशातून एक पितळी वस्तू काढून त्याने माझ्या मेजावर उभी केली. माझ्याच ॲल्युमिनियमच्या टॉर्चचं अख्खं अंग होतं ते. डोकं, नळी, शेपटी, सगळं मापाला माप, पण पितळेचं.

"माप कुठून घेतलंत?"

"नजरेने." मग जरा थांबून, "उम्म ज़ाहेरकडचा टॉर्च आणला होता. तुम्ही केलेला."

"आणि पितळ?"

"आत्याच्या खलबत्त्यातला बत्ता. खल घरी आहे."

"आत्या काय म्हणाली?"

"तिला अजून मसाला कुटायचा नाहीये."

मी तो हातात घेतला. चांगला जड, काठ कुठे टोचत नव्हता. पेचाचे आटे फिरवून पाहिले — शेपटी लोण्यासारखी फिरत गेली आणि शेवटी मऊपणे थांबली. एवढे चांगले आटे मी फोटोतसुद्धा पाहिले नव्हते. हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"बरे आहेत," मी म्हटलं.

"फक्त बरे?"

"असं तोंडी सांगत नसतात. तपासावं लागतं."

"मग तपासा की. मला कुठे घाई आहे?"

*

तपासणी अशी: आतलं सगळं तेच ठेवायचं, तोच दाणा, तीच बॅटरी. बदलायचं ते फक्त अंग. मग पूर्ण उजेडावर तीन मिनिटं, बाजूला चीज करायचा थर्मामीटर, आणि खात्रीसाठी माझं मनगट. सगळं वहीत लिहायचं. नासीफ रोज सकाळी यायचा, कधी कानस घेऊन, कधी छोटा शिकंजा, कधी माप घ्यायचा व्हर्नियर. आणि जाताना ते माझ्याकडेच विसरायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस एवढं विसरतो म्हणजे एक तर औषध हवं, नाही तर... असो.

पितळ ठीक निघालं. ॲल्युमिनियमपेक्षा देखणं, ॲल्युमिनियमपेक्षा मंद. मग त्याने सिडनीहून आणलेल्या एका कांडीचा टायटॅनियमचा टॉर्च आणला. कोणाच्या तरी मांडीत जायचा राहून गेलेला तुकडा.

तीन मिनिटं झाली. मनगटाला काहीच लागेना. अंग गार. आणि तेवढ्यात उजेड आपोआप मंदावला. आतला दाणा इतका तापला होता की टॉर्चने स्वतःच स्वतःला आवरतं घेतलं.

"बघा," मी म्हटलं, "वरून थंड आणि आत जळतोय. उष्णता बाहेर जाऊच देत नाही."

"हं."

"असली माणसं पाहिली आहेत मी."

"मीही," नासीफ म्हणाला. "एक तर रोज समोर बसतं."

मी वहीत मान घातली. टायटॅनियमच्या रकान्यात काय लिहिलं ते नंतर मलाच वाचता आलं नाही.

सगळ्यात शेवटी तांबं आलं. बंद पडलेल्या सिनेमागृहाचा मोडीत निघालेला स्विचबोर्ड त्याने भंगारातून उचलला होता, त्यातली जाड कांब. लेथवरून नुकता उतरलेला तो टॉर्च इतका लालकेशरी होता की गल्लीतली भांडीसुद्धा त्याच्यापुढे फिकी वाटली. नासीफने तो फडक्यात गुंडाळून आणला होता, बोट न लावता.

"पहिला हात तुमचा," तो म्हणाला. "तांबं हाताप्रमाणे रंग बदलतं. माझा हात लागला तर माझा रंग धरेल."

"मग काय बिघडलं असतं?"

विचारून बसले. त्याने नुसतं फडकं माझ्यापुढे उलगडलं. समोरच्या दुकानात कल्हईवाला भांडं घासत होता.

तांबं एका मिनिटात मनगटाला कळलं, दोन मिनिटांत धरवेना. आतली सगळी आग लगेच बाहेर. दाणा मात्र मजेत, उजेड तसूभरही कमी नाही. जड होतं, हाताला वास येत होता. आणि आणखी एक दोष सापडला.

माझी एक सवय आहे. टॉर्च खिशात टाकण्याआधी शेपटी पाव आटा ढिली करायची. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर एक थर असतो, त्यातून वीज जात नाही. शेपटी जरा सुटली की टॉर्चला कुलूप. मग बटण कितीही दाबलं जाऊ दे, तो पेटत नाही. दाराला कडी घालावी तशी ही सवय. बोटं न विचारता करतात. तांब्याचं तसं नाही. त्याच्या आट्यांवर थर नसतोच. धातूला धातू लागलेला, वीज वाहतेच. पाव आटा काय, एक आटा सोडला तरी बटण दाबताच टॉर्च भक्कन पेटला.

"याला कुलूप लागत नाही," मी म्हटलं.

"नाही लागत."

"दोष आहे हा."

"लिहून ठेवा," तो म्हणाला.

मी लिहिलं. 'तांबं — कुलूप लागत नाही. पुरे तीन आटे सोडावेत.' माझ्याच अक्षरात, खाली रेघ ओढून.

उम्म ज़ाहेर जाता जाता डोकावली. "एकीचे आटे आधीच ढिले होते," ती गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता जोडीला आलाय तो आटेच पाडतो. देवा, सांभाळ."

*

संत्र्याची झाडं फुलली होती. त्या दिवसांत आमच्या गावात वाऱ्याला वास असतो, आणि शहाणी माणसंही थोडी हळू चालतात. अकरा वाजता गल्लीचा जनरेटर दोन तास विश्रांती घेतो; तिच्यावरच्या दगडी छपराखाली भरदिवसा काळोख होतो. त्या काळोखात आम्ही उजेडाचे रंग जुळवायचो. पांढऱ्या बशीत टोमॅटो ठेवायचा, एकेक दाणा त्यावर धरायचा आणि टोमॅटो टोमॅटोसारखा दिसतो का ते बघायचं.

एके दिवशी टोमॅटो नव्हता.

"आता?" मी म्हटलं.

नासीफने तांब्याचा टॉर्च उचलला, छताकडे धरला आणि लावला. उजेड दगडावर आपटून मऊ होऊन खाली आला. माझ्यावर.

"अहो, काय करताय?"

"तपासतोय."

"टोमॅटो नाही मिळाला म्हणून माझं तोंड?"

"हलू नका. रंग कळत नाही मग." तो पुढे काही म्हणणार होता. ओठ हललेसुद्धा... मग त्याने भिंतीवरचा माझा छोटा आरसा काढून माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. बरोबर दिसतंय?"

मी पाहिलं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या होत्या तिथेच होत्या. कपाळावरचा पांढरा केसही. पण गालांत रक्त होतं. निळ्या उजेडाने दोन वर्षं जी बाई दाखवली होती ती खोटी होती. ही नुसती मी होते, बरी, जिवंत, थोडी लाजलेली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

टॉर्च तापला होता. त्याने तो या हातातून त्या हातात घेतला, पण बंद केला नाही.

"सित्त विदाद, चारांतला एक निवडा. सगळ्यांत चांगला कोणता ते सांगा. तुम्ही जो निवडाल तो मी कातत बसेन. इथेच. वर्षभर... पुढेही." मग घाईघाईने, "म्हणजे, तुम्हाला लागतील तेवढे."

"तपासणी पुरी होऊ दे," मी म्हटलं. "शुक्रवारनंतर सांगते."

मला माहीत होतं काय सांगायचं ते. तांब्याचा टॉर्च मी त्या दिवसापासून लोकरी जॅकेटच्या छातीवरच्या खिशात ठेवू लागले. भाजी घेताना, पायऱ्या चढताना, अंगठा आपोआप त्यावर जायचा. रोज थोडा काळवंडत होता तो. केशरीचा तपकिरी, तपकिरीचा खजुरासारखा. फक्त एका जागी, जिथे अंगठा बसतो तिथे, गुळगुळीत आणि उजळ.

*

शनिवारी तो आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून एक निळं पाकीट डोकावत होतं. प्रवास कंपनीचं पाकीट, वर पांढरं विमान.

असलं पाकीट मी आधी पाहिलं होतं. सव्वीस वर्षांची होते तेव्हा, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्या हातात. सहा महिन्यांत येतो म्हणाला होता तो. साखरपुड्याची अंगठी मी अकरा वर्षांनी काढली, कारण बोट सुजायला लागलं होतं. त्याची दोन मुलं आता तिकडे क्रिकेट खेळतात म्हणे.

पाकीट कसलं, हे मी नासीफला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचे अकरा दिवस वाचले असते.

"झाली तपासणी?" त्याने विचारलं. खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता.

"झाली. ॲल्युमिनियम."

"ॲल्युमिनियम?"

"हलकं आहे. साधं आहे. कुलूप लागतं. जे मुळात होतं तेच बरं."

"आणि... तांबं?"

"जड आहे. वास येतो हाताला. ड्रॉवरमध्ये टाकलंय."

त्याने मेजावरचा पितळी टॉर्च सरळ करून ठेवला. मग उठला. पाकीट त्याने खिशात खोल सारलं.

"ॲल्युमिनियम कातायला मी कशाला हवा?" तो म्हणाला. "ते तर कुठेही मिळतं." आणि गेला. त्या दिवशी काहीच विसरला नाही.

माझा हात छातीवरच्या खिशावर होता. तांबं गार होतं.

*

"गुरुवारचं विमान आहे त्याचं," नऊ दिवसांनी, सोमवारी उम्म ज़ाहेर म्हणाली. तिने आज वड्या रचायला घेतल्या नव्हत्या. सरळ माझ्या समोर येऊन बसली. "भावाने तिकीट पाठवलंय. लेथ विकायला काढतोय. काय झालं गं?"

"कुठे काय? माणसं जातात."

"जातात. तू कडी घालून बसलीस की जातात."

"मावशी, मी काय म्हणायचं होतं? रडून पाय धरायचे?"

"एक शब्द म्हणायचा होता. तुझ्याकडे एवढ्या स्प्रिंगा आहेत, एक शब्द उडवता येत नाही गल्लीपलीकडे?"

मी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. गुरुवारच्या आत एक शब्द. तो कोणता हेही ठाऊक होतं. घशापर्यंत यायचा, आणि बोटं आपली सवयीने पाव आटा फिरवून मोकळी.

बुधवारी सकाळी मी त्याची विसरलेली हत्यारं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली. कानशी, शिकंजा, व्हर्नियर. तांब्याचा टॉर्च हातात घेतला, नेहमीप्रमाणे शेपटी पाव आटा ढिली केली, छातीवरच्या खिशात टाकला आणि निघाले.

सराईतली त्याची खोली दगडी कमानीखाली, बिनखिडकीची. लेथवर चादर घातलेली. कोपऱ्यात बॅग उभी.

"तुमचं सामान," मी म्हटलं. डबा छातीशी धरला होता. ठेवायला जागा होती. पण ठेवला की हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"ठेवायचं की तुमच्याकडेच."

"नको. गिऱ्हाइकाची वस्तू मी अडकवून ठेवत नाही."

"गिऱ्हाईक," तो म्हणाला. शब्द चावून पाहिल्यासारखा.

"सिडनीत आता काय, उन्हाळा?"

"पानगळ."

"मग स्वेटर घेतलात ना?"

"घेतलाय."

असलं बोलत होतो आम्ही. उद्या विमान, आणि आज स्वेटर. मी डबा आणखी घट्ट धरला.

अकरा वाजले. बाहेर जनरेटर खोकला आणि थांबला. खोलीतला दिवा गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख व्हायला हवा होता.

पण झाला नाही.

"सित्त विदाद," नासीफ अगदी सावकाश म्हणाला, "तुमचा खिसा पेटलाय."

मी खाली पाहिलं. जॅकेटच्या लोकरीतून, डब्याच्या काठावरून, उजेड झिरपत होता. केशरी, उबदार... टोमॅटोला टोमॅटो दाखवणारा. डब्याची कड बटणावर रुतली होती, आणि बटण दाबून धरलं की त्या टॉर्चचा उजेड वाढत जातो. मी जितका डबा घट्ट धरत होते, तितकी छाती उजळत होती.

"हा... ॲल्युमिनियमचा आहे," मी म्हटलं.

"कुलूप लावलं नव्हतं?"

"नेहमी लावते. पाव आटा."

"लावलं होतं?"

"लावलं होतं म्हटलं ना!"

"मग ॲल्युमिनियमचा नाही," नासीफ म्हणाला.

वहीत लिहिलेलं सगळं मला तेव्हा आठवलं. माझं अक्षर, खालची रेघ. वहीला सांगितलं होतं, बोटांना सांगायचं राहिलं होतं. आणि रागाने स्वतःला काही म्हणणार तोच चटका बसला. तांबं दोन मिनिटांत धरवत नाही... हेही लिहिलेलं होतं. "आई गं!" म्हणून मी डबा टाकला. कानशी, शिकंजा, व्हर्नियर दगडावर खणखणत गेले. टॉर्च खिशातून काढला तर हातात राहीना. या हातातून त्या हातात नाचवत होते, तोच त्याने पुढे होऊन तो घेतला. त्याच्या तळहाताला घट्टे होते, त्याला काही झालं नाही.

त्याने टॉर्च छताकडे धरला. उजेड कमानीवर आपटून आम्हा दोघांवर उतरला. मग त्याने तो वळवून पाहिला. खजुराच्या रंगाचा, आणि त्यात ती एक उजळ, गुळगुळीत जागा. तिथे त्याने स्वतःचा अंगठा ठेवला. बसला नाही; माझा लहान आहे.

"ड्रॉवरमध्ये होता ना हा?"

मी खाली सांडलेल्या हत्यारांकडे पाहिलं.

"विदाद, तुझ्या ड्रॉवरला अंगठा आहे?"

सित्त गळून पडलं होतं, तुम्हीही. मला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबरच डोळ्यांत पाणीही आलं, आणि लपवायला काळोख नव्हता.

"ते पाकीट..." मी म्हटलं.

"दाखवायला आणलं होतं. भावाने पाठवलं, मी मागितलं नव्हतं. तुला दाखवून विचारणार होतो, हे फाडू का? तू त्याआधीच ॲल्युमिनियम म्हणालीस."

"तू विचारायचंस तरी!"

"तू तपासून सांगितलं होतंस. तुझ्या तपासणीवर मी कोण बोलणारा?"

बाहेर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. चाक दगडावर अडलं, सुटलं. एवढा वेळ होता माझ्याकडे, आणि कडी घालायला बोटांशी काहीच नव्हतं. टॉर्च त्याच्या हातात होता.

"नासीफ," मी म्हटलं, "जाऊ नकोस."

एकच शब्द नव्हता, दोन झाले. पण उडाले.

तो जागचा हलला नाही. बघत राहिला, कथील वितळताना मी बघते तसा, श्वास रोखून. ढकललं नाही त्याने. मीच ते दोन पावलांचं अंतर चालले आणि त्याच्या खांद्यापाशी जाऊन थांबले.

"तपासणी चुकली म्हणायची मग?" माझ्या केसांजवळ त्याचा आवाज.

"चुकली नाही. जड आहे. वास येतो. चटके देतं. कुलूप लागत नाही. सगळं खरं लिहिलंय."

"आणि निवडलंस कोणतं?"

"तेच," मी म्हटलं.

*

गुरुवारचं विमान गेलं. ते आमच्या डोक्यावरून जात नाही, तरी उम्म ज़ाहेर गल्लीत उभी राहून आभाळाकडे बघत होती. छपरामुळे आभाळ दिसत नाही तिथून. "गेलं," ती समाधानाने म्हणाली.

भाऊ महिनाभर फोनवर रागावला. मग त्याने विचारलं, तो तांब्याचा टॉर्च म्हणतोस तो कसला, मलाही एक पाठव.

जॅकेटच्या खिशाला नखाएवढा करपलेला डाग आहे. रफू करता येतो मला, करत नाही. लेथवरची चादर निघाली. नासीफ सकाळी कातायला बसतो, अकराला जनरेटर थांबला की कॉफी घेऊन माझ्याकडे येतो. कप आधी हाताने झाकतो आणि मग बसतो.

परवा तो म्हणाला, "तांब्याच्या आट्यांवर लाखेचा पातळ हात देता येईल. करून पाहिलं मी. पाव आट्याला कुलूप लागतं. देऊ तुझ्या टॉर्चला?"

मी कढईकडे बघत होते. दाणा नुकताच सरकायला लागला होता.

"राहू दे," मी म्हटलं.